अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी भूगोलाच्या व्हिडिओंत काय बदल करावेत?

आपण नांदेडला महाविद्यालयात भूगोल शिकवता, तासांचे व्हिडिओ यूट्यूबवर ठेवता आणि यंदा वर्गात एक अंध विद्यार्थी व एक कर्णबधिर विद्यार्थिनी आल्याने काय बदलावे, असे आपण विचारले आहे. मी लातूरला हाच विषय शिकवतो. माझ्या अनुभवानुसार निम्मे काम चित्रीकरणाआधी, आपल्या बोलण्यातच करावे लागते.

नकाशावर काठी ठेवून “ही नदी इथून निघते आणि इकडे वळते” असे आपण सहज म्हणतो. अंध विद्यार्थ्याच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. त्याऐवजी “मांजरा नदी बालाघाटच्या डोंगरांत पाटोद्याजवळ उगम पावते, पूर्व-आग्नेयेकडे जात कर्नाटकातून तेलंगणात उतरते आणि तेथे उत्तरेकडे वळून गोदावरीला मिळते” असे म्हटले, तर वेगळे दृश्यवर्णन जोडण्याची गरज बहुधा उरत नाही. (डोळस मुलेही तेच वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवतात, हा वरचा लाभ.) टिपणे मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीतच, टंकलेली द्यावीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कागदावर देखणा दिसतो, पण एनव्हीडीए हे मोफत मिळणारे स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) तो वाचू लागले की नुसती निरर्थक अक्षरे ऐकू येतात. वहीच्या पानाचा फोटो म्हणजे तर त्याच्या लेखी निव्वळ चित्र.

विद्यार्थिनीसाठी उपशीर्षके (सबटायटल्स) लागतील. फोनवर बोलून टंकण्याच्या सोयीने मी मजकूर करून घेतला, तेव्हा मांजरेची ‘मांजर’ झाली होती. म्हणून प्रत्येक ओळ स्वतः तपासावी आणि मगच वेळेसह एसआरटी फाइल (कोणती ओळ पडद्यावर केव्हा दिसावी हे नोंदवणारी साधी मजकूर-फाइल) करून यूट्यूबवर चढवावी. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांना सांकेतिक भाषा जवळची असते व लिखित मराठी त्यानंतर येते, हेही ध्यानात ठेवून वाक्ये आटोपशीर ठेवावीत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश ऑनलाइन पाहता येतो.

टंकलेखनासाठी प्राचार्यांकडे मदत मागताना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ अर्जाला जोडावे; त्यात ध्वनिवर्णन (दृश्याचे बोलून केलेले वर्णन), सांकेतिक भाषा आणि उपशीर्षके या तिन्हींचा उल्लेख आहे.

पहिला व्हिडिओ त्या दोघांनाच आधी दाखवावा. माझ्या एका विद्यार्थिनीने तक्रार केली होती की माझे ओठ, फळा आणि उपशीर्षक या तिन्हींकडे तिला एकाच वेळी पाहता येत नाही. तेव्हापासून आकृती काढताना मी बोलत नाही. आधी आकृती पुरी करतो, खडू ठेवतो आणि मग कॅमेऱ्याकडे वळतो.