सापाचा अर्थ विचारण्याआधी

प्रिय,

तुझी यादी मिळाली. डावीकडे प्रतीक, उजवीकडे अर्थ. साप म्हणजे शत्रू, घुबड म्हणजे शहाणपण, पांढरा रंग म्हणजे पावित्र्य. अक्षर सुरेख, मेहनतही दिसते. पण पेन्सिल घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो.

इजिप्तच्या फेरोच्या मुकुटावर फणा काढलेला नाग असे, तो राजाचा रक्षणकर्ता. ग्रीकांच्या अस्क्लेपियस या वैद्यदेवतेच्या काठीला साप वेटोळं घालून आहे आणि तीच काठी जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात आहे. बायबलमधला साप मोहात पाडतो. शंकराच्या गळ्यातला निवांत बसलेला असतो. यातला शत्रू कुठला? साप कात टाकतो, म्हणून कुणाला तो नवा जन्म वाटला. चावला की जीव जातो, म्हणून कुणाला मरण. प्राणी एकच. कुणी कातेकडे पाहिलं, कुणी दाताकडे. तुझ्या यादीत हे पाहणं नाही, नुसता निकाल आहे.

घुबडाचंही तसंच. अथेन्सच्या जुन्या चांदीच्या नाण्यावर ते बुद्धीची देवता अथीना हिचं पाखरू म्हणून दिमाखात बसलंय, आज ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावरही आहे. मराठीत मात्र कुणाला घुबड म्हणून बघ! बरं, तेच घुबड लक्ष्मीचं वाहनही आहे. म्हणजे एका समाजातसुद्धा एकमत नसतं.

म्हणून तिसरा रकाना आख आणि त्यात तीन गोष्टी लिही: कुणासाठी, केव्हापासून, कशामुळे. 'केव्हापासून' भरताना पुष्कळ भ्रम गळून पडतात. युरोपातल्या नवऱ्या पूर्वी नाना रंगांत लग्नाला उभ्या राहत. पांढऱ्या पोशाखाची टूम पसरली ती १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या लग्नात तो घातल्यावर. तिकडे चीनमध्ये पांढरा हा सुतकाचा रंग. स्वस्तिक हजारो वर्षं शुभ होतं. १९२० मध्ये नाझी पक्षाने ते झेंड्यावर घेतलं आणि युरोपसाठी त्याचा अर्थ कायमचा काळवंडला. खरं स्वस्तिक कोणतं, या वादात पडू नकोस. दोन्ही खरी आहेत, फक्त समोर कोण उभं आहे ते बघून बोलावं.

'कशामुळे' हा माझा आवडता प्रश्न. जपानमध्ये चार हा आकडा अशुभ का? 'चार' आणि 'मृत्यू' या दोन्ही शब्दांचा एक उच्चार 'शी' आहे, एवढंच. मागे तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. भाषा बदलली की भीती संपते.

स्वप्नांचा तर अर्धा कारभार अशा शब्दखेळांवर चालतो. इसवी सनपूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडरने टायर शहराला वेढा घातला होता. शहर काही पडेना. तेव्हा त्याला स्वप्नात नाचणारा सॅटर दिसला, अर्धा माणूस आणि अर्धा पशू. तुझ्या यादीत बघितलं असतं तर 'कामवासना' निघालं असतं. जाणकाराने तो शब्दच फोडला: 'सा टायरॉस', म्हणजे टायर तुझं! ही कोटी ग्रीकमध्येच जमते. ग्रीक न येणाऱ्याला तेच स्वप्न पडतं तर सॅटर नुसताच नाचून गेला असता. दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरसने स्वप्नांवर पाच खंड लिहिले आणि बजावून ठेवलं की स्वप्न पाहणाऱ्याचा धंदा, परिस्थिती, रीतीभाती विचारल्याशिवाय अर्थ सांगू नये. अठराशे वर्षांनंतरही स्वप्नांचे कोश छापणारे हे विसरतात.

तुझ्या यादीत नसलेला एक प्रकार सांगतो, मुद्दाम घडवलेली चिन्हं. विषाच्या बाटलीवरची कवटी बघून मुलांना समुद्री चाचे आठवतात, म्हणून १९७१ मध्ये पिट्सबर्गमध्ये तिच्याजागी जीभ बाहेर काढलेला हिरवा, वैतागलेला चेहरा आणला गेला. किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह १९४६ चं. ज्याला ते शिकवलेलं नाही त्याला त्यात धोका दिसतच नाही. म्हणून २००७ मध्ये त्याच्या जोडीला लाल त्रिकोणातलं नवं चिन्ह आलं, त्यात कवटी आणि पळणारा माणूस आहे, आणि ते आधी ११ देशांत लोकांना दाखवून तपासलं होतं. उलट १९६६ मध्ये जैविक धोक्याचं चिन्ह करणाऱ्यांनी लक्षात राहील पण ज्याला आधीचा काहीच अर्थ नाही, असाच आकार हुडकला. कोरी पाटी घेतली आणि अर्थ नंतर शिकवला. मला हे फार हुशारीचं वाटतं.

दोनशे नोंदी राहू देत. पुढच्या खेपेला दहाच पाठव, पण तिसरा रकाना भरून. कॉम्प्युटरवरचं सेव्हचं चित्र त्यात घे. ते चित्र फ्लॉपीचं, म्हणजे पूर्वी फायली साठवायच्या चकतीचं. फ्लॉपी कधी हातात न धरलेल्या मुलांनाही ते बरोबर कळतं, ते कसं, यावर विचार कर.

आणि पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलेल्या तुझ्या स्वप्नाबद्दल. साप दिसला, एवढंच लिहिलंस. तो कुठे होता? तुला पळावंसं वाटलं की बघत राहावंसं? त्या दिवशी सापाचा विषय कुठे निघाला होता का? ते आधी कळव.

तुझा,
काका