आठवीच्या वर्गातील तांब्या

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. माध्यमिक शाळेत कलाशिक्षक म्हणून रुजू झाल्याचे वाचून फार आनंद झाला. आठवी-नववीच्या मुलांना शिकवायला सुरुवात कशापासून करावी, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांच्या हातून चित्रकला कायमची सुटते ती याच वयात. पाचवी-सहावीपर्यंत मूल डोंगर, नदी, झोपडी निःशंकपणे काढत असते. बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र त्याला स्वतःच्या चित्रातील चूक दिसू लागते आणि ती कशी सुधारायची हे कोणी शिकवलेले नसल्यामुळे “मला चित्रकला येत नाही” असे म्हणून ते वही मिटते. चूक दिसू लागली याचा अर्थ नजर तयार होऊ लागली, हे त्याला नेमक्या त्या वेळी सांगणारे माणूस वर्गात असावे लागते. ते काम तुझे आहे आणि बाकी सर्व कामे त्यानंतरची आहेत.

माझा सल्ला असा की, सुरुवात वस्तुचित्रापासून आणि तीही एका तांब्यापासून कर. निम्मी मुले तांब्याचे तोंड दोन्ही टोकांना अणकुचीदार काढतील आणि बुडाशी पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारतील, कारण तांब्या सपाट फळीवर ठेवला आहे हे त्यांना माहीत असते आणि जे माहीत आहे तेच हात काढतो. अशा वेळी त्यांच्या कागदावर स्वतःची पेन्सिल चालवू नकोस. काचेचा पेला अर्धा पाण्याने भरून प्रत्येकाला तो डोळ्यांच्या रेषेत धरायला लाव. पेल्याची कड सरळ रेघ दिसेल. पेला हळूहळू खाली नेला की ती रेघ उघडत लंबगोल होते, पाण्याची पातळी कडेपेक्षा खाली असल्यामुळे तिचा लंबगोल थोडा अधिक भरतो आणि तळाचा त्याहूनही अधिक. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मूल परत तांब्याकडे वळले की बुडाची सरळ रेघ आपणहून खोडते. यथार्थदर्शन, म्हणजे वस्तू डोळ्यांना जशी दिसते तशी काढणे, हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहिलास तरी चालेल.

साठ मुलांच्या वर्गात टेबलावर एकच मांडणी ठेवली तर मागच्या बाकांवरील मुले पुढच्याचे चित्र पाहून काढतात. चार-पाच ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर मांडणी कर आणि मुलांना भोवती बसव. शक्य असेल तर एका बाजूच्या खिडक्या बंद ठेव. प्रकाश दोन्हीकडून आला की छाया कुठे पडते हे कळत नाही आणि मुले सवयीने दोन्ही कडा काळ्या करतात. डोळे किलकिले करून पाहिले म्हणजे बारकावे पुसले जाऊन उजेडाचे आणि काळोखाचे मोठे भाग वेगळे दिसतात, ही साधी युक्ती पहिल्याच महिन्यात शिकव.

स्मरणचित्राबाबत, म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढायच्या चित्राबाबत, मला तळमळीने सांगावेसे वाटते. बाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुले अशा ठरावीक विषयांच्या ठरावीक आकृती मार्गदर्शिकेतून पाठ करून घेण्याची पद्धत फार रुजली आहे. त्यातून परीक्षेत श्रेणी मिळते, परंतु आपल्या गावचा आठवडी बाजार डोळ्यांसमोर असलेले मूल कुठल्यातरी छापील बाजाराचे चित्र काढते, याचे मला अतिशय वाईट वाटते. मुलांना पाहण्याचा अभ्यास दे. कमरेवर भरलेली कळशी घेतलेली बाई दुसऱ्या बाजूला किती झुकते, तिचा मोकळा हात कुठे जातो, भार कोणत्या पायावर येतो, एवढेच घरी पाहून यायला सांग आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत, खोडरबर न वापरता रेखाटून घे. रेखाटने वेडीवाकडी येतील, पण ती पाहिलेली असतील.

संकल्पचित्राच्या, म्हणजे नक्षीरचनेच्या, तासाला वारली चित्रे हमखास येतात, आणि बहुधा कडेच्या नक्षीपुरतीच येतात. त्यापेक्षा त्या आकृतीची रचना उलगडून दाखव. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड. वरचा त्रिकोण किंचित कलवला की माणूस वाकतो, दोन्ही कलवले की नाचू लागतो. इतक्या थोड्या आकारांत एवढी हालचाल आणणे हीच संकल्पनाची खरी परीक्षा आहे. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीसाठीचे चौकोनी चित्र, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लिहीत आल्या, आणि 1970 नंतरच्या काळात जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली; त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. हेही सांग, म्हणजे ही नक्षी कुणाच्या तरी घरातून आली आहे याची जाण मुलांना राहील. पैठणीचा पदर मिळाला तर तोही वर्गात ने आणि मोरांच्या मधली रिकामी जागा तेवढी रेखाटायला सांग.

अक्षरलेखनात सर्व अक्षरांना सारख्या रुंदीच्या चौकटी आखून देऊ नकोस. ‘र’ अरुंद आहे, ‘ण’ रुंद आहे. सारख्या चौकटीत ‘र’च्या भोवती पोकळी राहते आणि शब्द तुटल्यासारखा दिसतो. अंतर पट्टीने मोजण्यापेक्षा डोळ्याने जुळवायला शिकव. वाचनालय, प्रयोगशाळा, पिण्याचे पाणी या शाळेतील पाट्या मुलांकडूनच करून घे, कारण दुरून वाचता न येणारी पाटी सुंदर असली तरी उपयोगाची नाही, हे त्यांना वऱ्हांड्यात उभे राहिल्यावर लगेच समजेल.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना मुलांना अवश्य बसव. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक उत्सुक असतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र परीक्षेचा सराव शेवटच्या दोन महिन्यांत उरकण्याजोगा आहे. वर्षभर तेवढाच केला तर श्रेणी घेतलेले मूल पुन्हा पेन्सिल हाती धरत नाही.

गणिताचा पोर्शन राहिला म्हणून तुझे तास मागितले जातील, आणि स्नेहसंमेलन जवळ आले की फलकलेखन व मंचसजावट तुझ्याकडेच येईल. सजावट आनंदाने कर, मुलांना बरोबर घेऊन कर, पण तास सोडू नकोस. मुख्याध्यापकांशी बोलताना तक्रारीपेक्षा मुलांचे काम पुढे ठेव. प्रत्येकाचा जूनमधील पहिला तांब्या तारीख घालून जपून ठेव आणि दिवाळीनंतरच्या तांब्याशेजारी तो वऱ्हांड्यात लाव. त्यात “मला येत नाही” म्हणणाऱ्यांचे कागद आधी लाव, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. जमल्यास त्या जोड्यांची छायाचित्रे मला पाठव. पुढचे बोलणे ती समोर ठेवून करू.

कळावे. अनेक आशीर्वाद.