मुख्याध्यापकांच्या डिप्लोमाला लिंगभाव आणि विविधता हा घटक कसा शिकवावा? वर्गात सगळे म्हणतात "आमच्या शाळेत भेदभाव नाहीच"

सर, तुम्ही लिहिलंय की धुळ्याला शालेय व्यवस्थापनाच्या डिप्लोमाला शिकवता, समोर चांगली नोकरी झालेले शिक्षक आणि मुख्याध्यापक असतात आणि हा घटक आला की एकच उत्तर येतं, आमच्याकडे सगळी पोरं सारखी. मी जळगाव-नंदुरबारकडे मुख्याध्यापकांची प्रशिक्षणं घेते, मलाही हे वाक्य दर बॅचला ऐकायला मिळतं, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. म्हणून व्याख्येपासून सुरुवात करू नका. लिंग म्हणजे काय, लिंगभाव म्हणजे काय असा फळा भरला की लोक वहीत उतरवून घेतात आणि विषय तिथंच संपतो.

त्यांना हा विषय त्यांच्याच शाळेच्या कागदांतून शिकवा. मुख्याध्यापक रोज ज्या कागदांवर सही करतो त्यातच सगळं असतं. आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा की वार्षिक कामवाटपाची झेरॉक्स, सहावी ते आठवीची ऑक्टोबर-नोव्हेंबरची हजेरी आणि शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त घेऊन या, मुलांची नावं झाकून.

कामवाटपापासून सुरू करा, ते सोपं जातं. सांस्कृतिक, स्वागत, रांगोळी, हस्ताक्षर स्पर्धा मॅडमकडे आणि बांधकाम, क्रीडा, खरेदी, पोषण आहाराचा हिशोब सरांकडे, हे बहुतेक कागदांवर निघतंच. मग विचारा, उद्या तुमच्या मॅडमला मुख्याध्यापकाचा चार्ज घ्यायची वेळ आली तर हिशोबाचा अनुभव त्यांना कुठून येणार? इथं वर्ग पहिल्यांदा गप्प होतो. मुलांचंही तसंच बघायला लावा, पाहुणे आले की ओवाळायला आणि चहाचा ट्रे धरायला मुली, बेंच उचलायला मुलं, हे कोण ठरवतं?

हजेरीला मात्र भरपूर वेळ द्या, कारण आपल्या भागातला खरा प्रश्न तिथं आहे. कापूस वेचणी सुरू झाली की वरच्या वर्गातल्या मुली गळायला लागतात, काही स्वतः वेचायला जातात आणि काही आई वेचायला गेली म्हणून लहान भावंडाला सांभाळत घरी बसतात, आणि रजिस्टरमध्ये दोघींपुढे सारखाच "गैर" लागतो. मुख्याध्यापक म्हणतात पालक निष्काळजी आहेत, प्रबोधन करू. हे उत्तर घेऊच नका. विचारा की तुमच्या हातात काय आहे ते सांगा: त्या मुलीला भावंडाला सोबत आणू देणार का, चाचणीची तारीख हलवणार का, बुडालेला भाग दिवाळीनंतर कोण आणि कोणत्या तासाला घेणार? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचंही असंच काढून घ्या.

समितीच्या इतिवृत्तावर फार बोलावं लागत नाही. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, सांगतो की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. सह्या बहुतेक ठिकाणी पूर्ण असतात. पण सभा सकाळी अकराला ठेवली तर त्या बायका शेतात असतात, मग सही घरी जाऊन घेतली जाते. एकदा वर्गात सभेची वेळच ठरवायला लावा, कोण कुठल्या वेळी येऊ शकतं यावर जी चर्चा होते ती कुठल्याही नोट्सपेक्षा कामाची असते.

भाषेचं विसरू नका, नंदुरबारला तर अजिबात नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडची पहिलीतली मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, आणि शिक्षक म्हणतात पोरं बोलतच नाहीत. वर्गात पावरा समाजाचे एखादे सर असले आणि ते मनापासून तयार असले तर त्यांना वीस मिनिटं फक्त पावरीत शिकवू द्या, शेवटी प्रश्न विचारू द्या. अहिराणी बोलणारे आपले लोकही तिथं मान खाली घालतात, आणि मग पहिलीतल्या पोराचं गप्प बसणं त्यांना कळतं. पण त्या सरांना "आदिवासींच्या समस्या सांगा" म्हणून उभं करू नका, तसंच मॅडमना "महिलांची बाजू तुम्ही मांडा" असंही नको, त्या शिकायला आल्यात.

काही गोष्टी स्पष्ट बोलाव्याच लागतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना "एसटीवाले उभे राहा" असं भर वर्गात म्हणणं, एखादा मुलगा नाजूक बोलतो म्हणून शिक्षकानेच त्याला "बायल्या" म्हणणं. यावर लोक हसतात, तुम्ही हसू नका आणि पुढेही जाऊ नका. आरटीईच्या कलम १७ मध्ये मानसिक छळालाही बंदी आहे हे तिथंच सांगा.

पोक्सोला वेगळा तास द्या. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा हा कायदा सांगतो की अशा गुन्ह्याची माहिती असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दाबली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो, अडतं ते गावात, सरपंच येतो, संस्थेचे लोक येतात, मुलीचे वडीलच हात जोडतात की बदनामी नको. हा प्रसंग वर्गात करून घ्या, एकाला मुख्याध्यापक करा आणि बाकीच्यांना दबाव आणायला लावा. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी २०२२ च्या जीआरने आलेली सखी सावित्री समिती त्यांच्या शाळेत कागदावर आहे की मुलींना माहीत आहे, हेही विचारा.

आणि परीक्षेला "लिंगभाव समानतेचे महत्त्व विशद करा" ठेवू नका, सर. त्याऐवजी शाळेत बदललेला एक निर्णय मागा, जुना कागद आणि नवा कागद दोन्ही जोडून, खाली कोणी विरोध केला आणि तुम्ही काय उत्तर दिलं ते एक पानभर. मार्क त्या पानाला द्या, निर्णय फसला असला तरी द्या.