हार्ट फेल्युअर असलेल्या वडिलांना विद्यापीठ रुग्णालयातील औषध चाचणीत सहभागी होऊ द्यावे का?

‘त्यांच्यावर प्रयोग तर होणार नाहीत ना?’ हे तुमचे शब्द वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण माझे थोरले बंधू गेली चार वर्षे मला हेच ऐकवत आहेत.

आमच्या वडिलांचे इजेक्शन फ्रॅक्शन २८ टक्के होते, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतले जेमतेम २८ टक्के रक्त बाहेर ढकलत होते. पहिल्या रुग्णालयाने लघवीची गोळी आणि बीटा ब्लॉकरचा, म्हणजे हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळीचा, अगदी लहान डोस लिहून देऊन तीन महिन्यांनी यायला सांगितले, आणि पाचव्याच आठवड्यात त्यांना आडवे होऊन झोपणे अशक्य झाले. मी त्यांना विद्यापीठ रुग्णालयात नेले आणि तेथे त्यांनी एका नव्या औषधाच्या चाचणीच्या संमतीपत्रावर सही केली.

चाचणीच्या सिस्टरांनी एक वही दिली होती. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याच्या आधी, वजन करून त्यात लिहायचे. एका सकाळी तीन दिवसांत सव्वादोन किलो वाढल्याचे दिसले. वडिलांनी वजनकाटा सतरंजीवरून उचलून फरशीवर ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा उभे राहिले, आकडा तोच. बंधूंनी नव्या गोळीला दोष दिला. मी फोन केला तेव्हा सिस्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘गुडघेदुखीवर काही घेत आहेत का?’ घेत होते, चार दिवसांपासून, आणि त्या गोळ्या बंधूंनीच आणून दिल्या होत्या. अशा वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठून राहते. त्या बंद केल्या, लघवीच्या गोळीचा डोस दोन दिवस वाढवला आणि वडील घरीच सावरले.

चाचणी संपल्यावर कळले की त्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, मिळत होती. बंधूंच्या मते वाद तेथेच मिटला. माझ्या मते तेथे माझीच बाजू सिद्ध झाली, कारण नेहमीची सर्व औषधे चालूच होती आणि त्यांचे डोस रक्तदाब, रक्तातील पोटॅशियम व (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे) क्रिएटिनिन पाहून वेळच्या वेळी वाढवले जात होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत एकही नवे औषध नव्हते. रुग्णाला घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत प्रचलित औषधे पूर्ण डोसापर्यंत नेणे आणि वारंवार तपासणे, एवढेच केले होते. तरी १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचे प्रमाण १५.२ टक्के राहिले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत ते २३.३ टक्के होते.

राहता राहिला ‘प्रयोग’ हा शब्द. या आजारात बीटा ब्लॉकर देणे एके काळी घातक मानले जात असे. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी अवघ्या सात रुग्णांवरचा अनुभव छापला नसता, तर जी गोळी बंधू दर रविवारी वडिलांच्या डबीत निमूटपणे भरतात ती तेथे पोहोचलीच नसती.

अर्थात, प्रत्येक रुग्ण चाचणीच्या निकषांत बसत नाही, मूत्रपिंड कमजोर असल्यास अनेकदा नकार मिळतो, आणि नवे औषध अपाय करणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र संमती कधीही मागे घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. सही करण्यापूर्वी, वजन अचानक वाढल्यास कोणाला फोन करायचा आणि रात्री तो कोण उचलतो, हे विचारून घ्या. उत्तर मोघम मिळाले, तर मीसुद्धा सही करू देणार नाही.