वाचकांचे प्रश्न : जुन्या अमेरिकन गाड्यांचे कार्ब्युरेटर

प्रश्न : माझ्याकडे 1970 सालची शेव्हरले शेव्हेल मालिबू आहे. इंजिन 350 घनइंचांचे व्ही-8, गिअर ऑटोमॅटिक आणि कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) मूळचाच, रोचेस्टर क्वाड्राजेट. उन्हाळ्यात हायवेवरून येऊन गाडी पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवली, की पुन्हा सुरू करताना बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. मग काळा धूर येतो आणि पेट्रोलचा वास सुटतो. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की ही व्हेपर लॉकची तक्रार आहे, तेव्हा मेकॅनिकल सेकंडरीचा (मागच्या जादा नळ्या थेट पॅडलने उघडणारा) 750 सीएफएमचा (मिनिटाला 750 घनफूट हवा घेणारा) नवा कार्ब्युरेटर बसवावा. आपला सल्ला काय? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कृपया कार्ब्युरेटर इतक्यात बदलू नका. व्हेपर लॉकमध्ये उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनला पेट्रोल पोहोचत नाही; आपल्याकडे मात्र काळा धूर आणि वास आहे, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त पडते आहे. खात्री करून घ्यायची असेल, तर गरम इंजिन बंद करून एअर क्लीनर काढावा, चोकची (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी) पट्टी उघडी धरावी आणि टॉर्चच्या उजेडात कार्ब्युरेटरच्या पुढच्या दोन लहान नळ्यांमध्ये पाहावे. (आसपास सिगारेट किंवा ज्योत असता कामा नये.) मधल्या नोझलमधून थेंब गळताना दिसले, तर फ्लोटच्या (तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भागाच्या) भांड्यातले पेट्रोल उष्णतेने उकळून किंवा पातळी चढल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मार्गात, उतरते आहे. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर वारंवार न दाबता एकदाच तळापर्यंत दाबून धरावा आणि मग स्टार्टर मारावा, म्हणजे आत साचलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

कायमचा उपाय मात्र कारण शोधूनच करायला हवा. क्वाड्राजेटचा फ्लोट बहुधा फोमसारख्या प्लास्टिकचा असतो. वर्षानुवर्षे पेट्रोल शोषून तो जड होतो, नीट तरंगत नाही आणि भांड्यातली पातळी वाढते. तो बाहेर काढून नव्या फ्लोटशी वजन ताडून पाहावे आणि त्याच वेळी नीडल व सीट (भांड्यात येणारे पेट्रोल थांबवणारी सुई व तिची बैठक) बदलावी. दुसरी जागा उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालची (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागाखालची) हीट रायझर झडप. गंजून ती बंद अवस्थेत अडकली, तर गरम धूर इनटेक मॅनिफोल्डमधल्या मार्गाने सतत कार्ब्युरेटरच्या बुडाखालून जात राहतो. इंजिन थंड असताना तिचे बाहेरचे वजन हाताने मोकळे फिरते का, ते पाहावे. आजच्या 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ही तक्रार अधिक जाणवते, म्हणून कार्ब्युरेटरखाली जाड, उष्णतारोधक गॅस्केट घालणे हा मला सर्वांत पटणारा बदल आहे. फक्त बॉनेट लागते ना, हे आधी मोजून घ्यावे.

750 सीएफएमबद्दल थोडा हिशेब करू. घनइंच गुणिले कमाल आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भागिले 3456 या सूत्राने 350 घनइंचांच्या इंजिनाला 5500 आरपीएमला 557 सीएफएम हवा लागते. साध्या इंजिनाची हवा भरून घेण्याची 85 टक्के कार्यक्षमता धरली तर ती सुमारे 473 भरते. क्वाड्राजेटची क्षमताही 750 च्या घरात आहे, हे खरे. पण त्याच्या मागच्या दोन मोठ्या नळ्यांवर स्प्रिंगची हवेची पट्टी असते आणि इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढीच ती उघडते. मेकॅनिकल सेकंडरी पायाच्या दाबावर उघडते. त्यामुळे कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, नोझलमधून पेट्रोल ओढले जात नाही आणि ऑटोमॅटिकची जड गाडी दर सिग्नलला अडखळते. रेसच्या मैदानासाठी घडवलेली वस्तू रोजच्या रस्त्यावर लादू नये, असे माझे ठाम मत आहे. बदलायचेच असेल, तर व्हॅक्यूम सेकंडरीचा (मागच्या नळ्या इंजिनाच्या ओढीने उघडणारा) 600 सीएफएम पुरेसा आहे. त्याआधी इग्निशनच्या पॉइंटचा ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) 30 अंशांच्या आसपास आहे का आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बरोबर आहे का, ते तपासावे. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात इग्निशनच्या निघतात.

प्रश्न : डॅलसहून डेन्व्हरला आल्यापासून माझ्या 1966 च्या मस्टँगचे (289 घनइंचांचे इंजिन, ऑटोलाइट 2100 कार्ब्युरेटर) स्पार्क प्लग काजळीने काळे पडतात आणि पिकअपही गेला आहे. – एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : डेन्व्हर सुमारे 1600 मीटर उंचीवर असल्याने तिथली हवा साधारण 15 टक्क्यांनी विरळ आहे, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) मात्र डॅलसचेच राहिल्याने मिश्रणात पेट्रोल जास्त होते. इंजिन गरम झाल्यावर चोक पूर्ण उघडतो, याची आधी खात्री करावी. मग दोन्ही मुख्य जेट दोन क्रमांकांनी लहान बसवून पाहावेत आणि टायमिंग दोन-तीन अंश पुढे घ्यावे, पण चढावर नॉकिंग (इंजिनातली ठकठक) ऐकू आले तर लगेच मागे आणावे. व्हॅक्यूम गेजवरचा (इंजिनाची ओढ मोजणाऱ्या मीटरवरचा) आकडा पूर्वीपेक्षा चार-पाच इंचांनी कमी दिसेल. तो उंचीचा परिणाम आहे, त्यासाठी इंजिन उघडू नये. डॅलसचे जेट जपून ठेवावेत. गाडी पुन्हा सखल भागात नेऊन चालवायची झाली, तर तेच बसवावे लागतील, कारण लहान जेटवर तिथे मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते.