फॉक्सप्रोत (डेटाबेस प्रोग्राम) ग्राहक निवडला की त्याची बिलं तारखेनुसार कशी लावायची?

तुमची अडचण अशी दिसतेय की ग्राहकाचं टेबल आणि बिलांचं टेबल सेट रिलेशनने (दोन टेबलं जोडणारी कमांड) जोडलंय, ग्राहक बदलला की बिलं बरोब्बर त्याचीच येतात पण तारखा वरखाली. कारण साधं आहे, बिलांवर एका वेळी एकच टॅग (इंडेक्स, म्हणजे नोंदी लावायचा क्रम) चालू राहतो आणि तो नुसत्या ग्राहक क्रमांकाचा आहे. तारखेचा टॅग लावला तर जोडणीच तुटते. म्हणून दोन्ही एकाच टॅगमधे घ्या, आधी ग्राहक मग तारीख, हा क्रम उलटा चालत नाही.

पण नुसतं अधिक चिन्ह टाकू नका हां, तारखेत नंबर मिळवला की फॉक्सप्रो तेवढे दिवस पुढची तारीख काढतं, एरर पण येत नाही, मी यात एक अख्खी दुपार घालवलीय 😅 टॅगची एक्स्प्रेशन अशी ठेवा: एसटीआर(ग्राहक,6)+डीटीओएस(तारीख), म्हणजे STR नंबराचा आणि DTOS तारखेचा मजकूर करतं. डीटीओएसच हवं, त्याने 20240315 असं वर्ष पुढे येतं, डीटीओसी (DTOC, तारीख नेहमीच्या रूपात लिहिणारं) वापरलं तर साध्या सेटिंगमधे महिना पुढे येतो आणि सगळे जानेवारीवाले एकत्र बसतात, मग वर्ष कुठलं का असेना.

रिलेशनमधे फक्त एसटीआर(ग्राहक,6) द्या, सेट एक्झॅक्ट (पूर्ण जुळणी हवी का ते ठरवणारी सेटिंग) ऑफ असला की टॅगच्या नुसत्या पुढच्या भागावर पण जुळतं. 6 दोन्हीकडे सारखाच पाहिजे.

नवीन बिल वर हवं असेल तर तारखेच्या जागी एसटीआर(99999999-व्हीएएल(डीटीओएस(तारीख)),8) टाका (VAL मजकुराचा परत नंबर करतं), दिसायला भयाण आहे पण चालतं.