मोरीचं सांडपाणी परसातल्या केळींना सोडलं तर चालतं का?

चालतं, पण नुसतं बुंध्याशी सोडू नका. डबकं साचतं आणि डास होतात. विहिरीपासून व घराच्या पायापासून लांब, उताराच्या बाजूला चार फूट रुंद, अडीच फूट खोल गोल खड्डा घ्या. निघालेली माती कडेने बांधासारखी रचा.

आधी खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल (काळ्या मातीत हे नेहमीचंच), तर खड्डा उथळ आणि जास्त रुंद करा. तळाला जाड फांद्या, नारळाची सोडणं, वर पालापाचोळा, बांधापेक्षा फूटभर उंच येईल इतका. तो भराभर खचतो, भरत राहायचं. पाइपचं तोंड या ढिगाखाली हवं. फांद्या न घालता नुसता ओला कचरा टाकला की हवा कोंडते आणि घाण वास सुटतो. तक्रारी बहुतेक याच्याच असतात.

बांधावर चार केळी, आतल्या उतारावर अळू. पपई लावलीच तर बांधाच्या माथ्यावर, कारण तिची मुळं लगेच कुजतात. प्रत्येक बेटात एक मोठी केळ, एक मधली, एक मुनवा (बुंध्याशी फुटणारं पिल्लू). बाकीचे मुनवे काढा. घड उतरवल्यावर खांबाचे तुकडे खड्ड्यातच टाका.

ब्लीच, संडास-क्लीनरचं पाणी इकडे वळवू नका. पानांच्या कडा करपू लागल्या तर बहुधा साबणाचे क्षार साठलेत. काही दिवस साधं पाणी द्या. कोथिंबीर, पालक मात्र या पाण्यावर नको.